चाचींची पेटी आणि माझं न जेवणं

पाव शतक मी पनवेलात यंत्रं दुरुस्त केली. आधी रेडिओ-टीव्ही, मग कॉम्प्युटर, आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटरच्या भोवती जमलेलं सगळं गणगोत. या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं. हे ऐकलं की मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, बरं, आता खरं काय ते शोधू. जवळच्या कोन गावचे एक शेठ होते. रस्त्याला जमीन गेली, बंगला उठला, आणि बंगल्यात जे जे असायला हवं म्हणून दुकानदाराने सांगितलं ते ते सगळं आलं. त्यात घरातले फोटो-व्हिडिओ साठवायची एक पेटीही होती. दसरा झाला आणि पेटी आचके द्यायला लागली. शेठ म्हणाले, "आमी हातच नाय लावला तिला." मी झाकण उघडलं तर आतल्या पंख्यावर हळदकुंकवाचा थर आणि झेंडूच्या पाकळ्या. गाडी, पाण्याचा पंप, पिठाची चक्की अशी ओळीने पूजा झाली त्यात पेटीचाही नंबर लागला होता. हात खरंच कोणी लावला नव्हता, लांबूनच उधळलं होतं.

तेव्हापासून 'हात नाही लावला' या वाक्यावरचा माझा विश्वास पार उडाला. हा अविश्वासच पुढे माझ्या अंगाशी आला, म्हणून ही हकिकत.

आधी ही पेटी म्हणजे काय ते सांगतो, कारण अजून पुष्कळांना ती वायफायचा थोरला भाऊ वाटते. पावाच्या डब्याएवढा डबा. आत दोन हार्ड डिस्क. तुम्ही काही साठवलं की पेटी ते दोन्ही डिस्कवर लिहिते, एकच हिशोब दोन वह्यांत लिहावा तसं. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत असतं. मेलेली काढायची, नवी घालायची, की पेटी जुनीवरचं सगळं वाचून नवीवर उतरवायला घेते. त्याला आम्ही रीबिल्ड म्हणतो. डिस्क मोठी असेल तर हे काम दिवसभराहून जास्त चालतं, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे फक्त एकच वही असते, तीही मेलेलीच्याच वयाची. त्या काळात पेटीवरचा दिवा नारिंगी असतो. काम पुरं झालं की हिरवा. माझं अर्धं आयुष्य नारिंगीचा हिरवा होण्याची वाट बघण्यात गेलं असं बायको म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही.

आणखी एक सांगायला हवं. गिऱ्हाइकाकडे जेवायचं नाही असा माझा नियम होता. चहा चालेल, सरबत चालेल, ताट नाही. कारण एकदा जेवलात की तुम्ही मेकॅनिक राहत नाही, पाहुणे होता, आणि पाहुण्याला लोक मिक्सर दाखवतात, इस्त्री दाखवतात, वरच्या मजल्यावरचा पंखा आवाज का करतो तेही विचारतात. म्हणून जेवणाची वेळ जवळ आली की मी काढता पाय घ्यायचो. या नियमाचा मला फार अभिमान होता.

झुबेदा चाची मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचे यजमान हसनमियां उभी हयात कुवेतला होते. मी नवखा असताना त्यांचा तिकडून आणलेला टेपरेकॉर्डर माझ्याकडे दुरुस्तीला यायचा, तेव्हापासूनची ओळख. हसनमियां परत आले, काही वर्षं पनवेलात सुखाने राहिले आणि वारले. मुलगा इम्रान मस्कतला एसीच्या कंपनीत इंजिनियर. त्यानेच ती पेटी पाठवली होती आणि सुट्टीत आला तेव्हा स्वतः टीव्हीला जोडून दिली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याचा मला फोन आला. पेटी ओरडतेय, अम्मी घाबरलीय, जरा बघता का.

गेलो. एक डिस्क मेली होती. हे म्हणजे सर्दीचं दुखणं. नवी डिस्क आणली, घातली, नारिंगी दिवा लागला, लॅपटॉपवर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी पुढे सरकायला लागली. चाचींना म्हणालो, उद्यापर्यंत हिरवा होईल. चाची म्हणाल्या, जेवून जा, तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण आहे. चिंबोऱ्या म्हटल्यावर माझा पाय अडखळला, पण नियम तो नियम. बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी दिवा नारिंगीच. पट्टी बघितली तर पुन्हा सुरुवातीलाच. ही जुन्या बनावटीची पेटी, मध्ये बंद पडली की झालेलं विसरून पहिल्यापासून सुरू करायची. म्हणजे ती मध्ये बंद पडली होती. मी चाचींना विचारलं, मशीन बंद केलं होतं का कोणी? चाची म्हणाल्या, "नाय बेटा. आमी तुज्या मशीनला हात पन नाय लावत." झालं. माझ्या डोळ्यांसमोर झेंडूच्या पाकळ्या नाचल्या. मी पेटी उघडून आतून झाडूनपुसून बघितली. अगदी स्वच्छ. चाचींचं घर असं की धूळसुद्धा परवानगी घेऊन बसेल.

मग मी पद्धतशीर संशय घ्यायला लागलो. नवी डिस्क खराब असेल म्हणून बदलून आणली. तेच. वायर बदलली. तेच. पेटीचा ॲडॅप्टर गरम होऊन दगा देत असेल म्हणून तो बदलला. तेच. इम्रान मस्कतहून नेटवर बसून पट्टी बघायचा आणि मला फोन करायचा, अंकल, आता बरी पुढे गेली होती, आता पेटी दिसतच नाही. मग इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेले उपाय मला वाचून दाखवायचा. एसीच्या इंजिनियरला वाटतं की सगळ्या दुखण्यांचं मूळ उष्णता. त्याने मला पेटीशेजारी टेबलफॅन लावायला लावला. मी लावला. पेटी गार पडली आणि बंदही पडली.

शेवटी मी ठरवलं की दोष विजेचा. आमच्याकडे वीज जाते-येते हे जगजाहीर आहे, आणि दोष विजेवर ढकलला की मेकॅनिकची अब्रू राहते. मी यूपीएस आणून बसवला. वीज गेली तरी हा आतल्या बॅटरीवर पेटी चालू ठेवतो आणि पीं पीं करून घरच्यांना कळवतो. चाचींना म्हटलं, आता काळजी नको, अख्ख्या पनवेलची वीज गेली तरी ही चालेल. चाची म्हणाल्या, आज सुरमई आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की.

दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा सुरुवातीला. यूपीएस लावूनसुद्धा. खरं सांगतो, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. इतकी वर्षं यंत्राला काय झालंय हे मला त्याच्या आवाजावरून कळायचं, आणि इथे एक पावाचा डबा मला पोरासारखा खेळवत होता. त्यात भर म्हणून जुनी डिस्क, म्हणजे ती एकुलती एक वही, हलकी टिकटिक करायला लागली. आमच्या धंद्यात डिस्कने टिकटिक करणं म्हणजे म्हाताऱ्याने नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणणं.

मी इम्रानला फोन केला आणि स्पष्ट विचारलं की या पेटीत असं आहे तरी काय. माझी समजूत होती लग्नांचे व्हिडिओ असतील. लग्नाचे व्हिडिओ प्रत्येक भावकीत चार जणांकडे असतात, गेले तरी मागून आणता येतात. इम्रान म्हणाला, "अंकल, त्यात अब्बांच्या कॅसेटी आहेत."

तेव्हा मला तो टेपरेकॉर्डर आठवला आणि सगळं समजलं. हसनमियां कुवेतला होते तेव्हा फोन महाग आणि दुर्मीळ. चाचींना लिहा-वाचायला फारसं येत नव्हतं. चिठ्ठी आली तर ती गल्लीतल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागे, आणि मग नवऱ्याने बायकोला काय लिहिलंय त्यावर गल्लीत चर्चा. म्हणून आखातात गेलेली इथली माणसं कॅसेटी पाठवायची. गावी सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्यातरी बॅगेतून कॅसेट यायची, परत जाणाऱ्याच्या बॅगेतून उत्तराची कॅसेट जायची. चाचींच्या कॅसेटी तिकडे कुठे गेल्या कोणास ठाऊक. हसनमियांच्या मात्र चाचींनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्यांना बुरशी लागायला लागली तेव्हा इम्रानने एका सुट्टीत बसून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, पेटीत भरल्या, आणि आता दोन-दोन डिस्कवर सुरक्षित आहेत म्हणून मूळ कॅसेटी टाकून दिल्या. चाची रोज दुपारी टीव्हीवरून त्यातली एखादी ऐकायच्या. पेटी आजारी पडल्यापासून ते बंद होतं, आणि त्यांनी मला त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. फक्त जेवायला थांब म्हणत होत्या.

मी रीबिल्ड बाजूला ठेवलं आणि आधी फक्त कॅसेटी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायला लावल्या. टिकटिक करणारी डिस्क रांगत वाचत होती. लॅपटॉप तिथेच ठेवून दुकानात आलो. संध्याकाळी जाऊन बघतो तर कॉपी जेमतेम सुरू होऊन मेलेली आणि पेटी पुन्हा नव्याने उठून बसलेली. त्या क्षणी मी माझी सगळी विद्या गुंडाळून ठेवली. ठरवलं, उद्या सकाळी यायचं, सगळं पुन्हा सुरू करायचं, पेटीसमोर बसायचं आणि हलायचं नाही.

बसलो. सकाळ गेली, पट्टी शहाण्यासारखी सरकत होती. जेवणाची वेळ झाली. चाची विचारायलाही आल्या नाहीत. इतक्या वेळा नाही म्हटल्यावर कोण विचारणार? मीच म्हटलं, चाची, आज काय केलंय? त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला माझ्या नियमाची लाज वाटली. हॉलमध्येच दस्तरखान पसरला, बोंबील आणि भाकऱ्या आल्या. समोर टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालली होती, शोकेसमध्ये टीव्हीशेजारी पेटी नारिंगी डोळ्याने आमच्याकडे बघत होती. मी पहिला घास मोडला, दुसरा मोडला, तिसरा तोंडात घातला आणि मागच्या मशिदीतून जोहरची, दुपारच्या नमाजाची, अजान सुरू झाली.

चाचींनी पदर डोक्यावर ओढला. उठल्या. शोकेसपाशी गेल्या. खाली जमिनीवर एक एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्याचं लाल बटण त्यांनी पायाच्या अंगठ्याने, सवयीने, दाबलं. टीव्ही बंद. यूपीएस पीं पीं करून कोकलायला लागला. चाची वाकल्या आणि त्याचं बटण, तो गप्प होईपर्यंत, शांतपणे दाबून धरलं. नारिंगी दिवा विझला. चाची परत येऊन ताटासमोर बसल्या आणि खाली मान घालून ऐकू लागल्या.

माझी अवस्था काय सांगू. इतक्या दिवसांचं कोडं माझ्या डोळ्यांसमोर पायाच्या अंगठ्याने सुटलं होतं, तोंडात बोंबील होता, आणि बोलायची सोय नव्हती. अजान चालू असताना त्या घरात कोणी बोलत नाही. अजान देणाऱ्या मुअज्जिन साहेबांचा गळा गोड, आणि त्या दिवशी तर ते जराही घाईत नव्हते. मी घास गिळला, पाणी प्यायलो, पेटीकडे बघितलं, चाचींकडे बघितलं, पुन्हा पेटीकडे बघितलं. कुठल्याही अजानीकडे माझं इतकं लक्ष आयुष्यात लागलेलं नाही.

संपल्यावर मी शक्य तितक्या सौम्य आवाजात विचारलं, "चाची, हे तुम्ही रोज करता?"

"पाच वखत. रात्री झोपताना पन बंद करते. का?"

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, मशीन बंद करता का म्हणून?"

"मशीन कुठं बंद केली? टीव्ही बंद केला." चाचींना माझ्या अकलेची काळजी वाटायला लागली होती. "अजानमदे टीव्ही चालू ठेवतात काय?"

रिमोटने का नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या की रिमोटने बंद केला तरी तो लाल दिवा लुकलुकत राहतो, म्हणजे टीव्ही जागाच असतो. यूपीएसचं काय? तो मेला नेमका अजानमध्येच बोंबलतो, म्हणून त्यालाही गप्प करायचा आणि अजान संपली की पुन्हा लावायचा. पेटीला त्यांनी खरोखरच कधी हात लावला नव्हता. शेठ सोडले तर पाव शतकात ते वाक्य एकदाच खरं निघालं आणि नेमका तेव्हाच मी त्यावर विश्वास ठेवला नाही. ती पहिली डिस्क कशाने मेली हेही आता उघड होतं. वर्षानुवर्षं दिवसातून पाच वेळा धावत्या गाडीचं चाक काढून घेतल्यावर दुसरं काय होणार?

मी चाचींना समजावून सांगितलं. टीव्ही, पेटी, सगळं त्या एकाच बटणावर आहे. ते बटण दाबलं की पेटी मध्येच मरते, आणि आता तिची शेवटची डिस्कही थकलीय. मला वाटलं, हसतील. मीसुद्धा हसण्याच्याच बेतात होतो. पण चाचींचा हात ताटावर तसाच राहिला.

"म्हंजे त्याचा आवाज मीच बंद करत होते," त्या म्हणाल्या.

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी म्हटलं, चाची, चूक तुमची नाही, ज्याने वायरिंग केलं त्याची आहे. मस्कतला बसलेल्या इम्रानला त्या दिवशी उचक्या लागल्या असतील. पण खरं तर दोष त्याचाही नव्हता. पूर्वी कधी पेटी दिसेनाशी झाली की तो समजायचा, वापर नाही म्हणून झोपली असेल. असल्या पेट्या झोपतात, हे त्याने इंटरनेटवर वाचलेलं होतं.

जेवण उरकून मी पेटी उचलली आणि आतल्या खोलीत, कपाटामागच्या एका एकट्या प्लगवर नेऊन लावली. त्या प्लगवर दुसरं काही नाही, बटणावर चिकटपट्टी. पहिल्यांदा फक्त कॅसेटींची कॉपी. डिस्कची टिकटिक आता हॉलपर्यंत ऐकू येत होती. चाचींनी खोलीच्या दारात खुर्ची टाकली आणि बसल्या. शेजारीण साखर मागायला आली तिला आत येऊ दिलं नाही. धुणंवाली आत कपडे ठेवायला निघाली तिला बाहेरच थांबवलं. मला स्वतःला पट्टी बघायला आत जायचं होतं तर, "कशाला जातोस, चालली हाय ती," म्हणून मलाही अडवलं. असरची अजान झाली, दिवेलागणीला मगरिबची झाली. दोन्ही वेळा चाची उठून हॉलमध्ये गेल्या, अंगठ्याने टीव्ही बंद केला, आणि आतल्या पेटीने अजानभर मंद घरघर केली. ती घरघर चालते का, असं मी विचारलं. चाची म्हणाल्या, श्वास घेतल्यासारखी आहे, चालेल.

मी घरी गेलो. सकाळी आलो तर चाची त्याच खुर्चीत, डोळे लाल, आणि लॅपटॉपवरची पट्टी पूर्ण. जुनी डिस्क अजून टिकटिक करत होती, पण आता तिने खुशाल डोळे मिटावेत, माझी हरकत नव्हती. मी कॅसेटींची यादी उघडली. सगळ्या होत्या. नुसती नावं असून चालत नाही, उघडून बघावं लागतं, म्हणून चाचींना विचारलं, कुठली लावू? त्या म्हणाल्या, कुठलीपन.

मी एक लावली. खरखर, खोकला, आणि हसनमियां बोलायला लागले. मोठ्या आवाजात, टेपरेकॉर्डर बहिरा असल्यासारखे. तिकडचा उन्हाळा, खोलीतल्या कोणाचं तरी घोरणं, बायकोची आठवण वगैरे काही नाही, पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल सविस्तर सूचना. मग म्हणाले, "आन त्या नारलाच्या रोपाचं काय केलंस? लावलंस काय मागच्या दारी?"

आणि आवाज बंद. पट्टी सरकतेय, खरखर चालू आहे, आवाज नाही. मला वाटलं, फाइल मध्येच खराब झाली. एक अशी तर बाकीच्या कशा असतील? मी पुढे ढकलून बघायला माऊसकडे हात नेला तर चाचींनी माझं मनगट धरलं.

"थांब. तो माज्यासाठी थांबलाय."

मला कळेना. मग कळलं. हसनमियांना यंत्राशी बोलायची सवयच नव्हती. बायको समोर बसलीय असं समजून ते बोलायचे, विचारायचे, आणि तिचं उत्तर होईपर्यंत कुवेतच्या त्या खोलीत टेप चालू ठेवून गप्प बसायचे.

चाची लॅपटॉपकडे तोंड करून म्हणाल्या, "लावलं होतं. लय नारल दिले त्यानं. मागल्या साली तोडला. इम्रानची गाडी आत येत नव्हती. तुला विचारायला तू नव्हतास."

खरखर थोडी आणखी चालली. मग हसनमियां म्हणाले, "बरं. तुला पटलं तसं कर."